बुरखाबंदी स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने घातलेली नाही

‘युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सुरक्षेसाठी बुरख्यावर बंदी घातली’, हे वाक्य २०१४ पासून फिरतंय. त्यातलं जवळपास सगळंच चूक आहे. बंदी घातली फ्रान्सच्या संसदेने, २०१० मध्ये. तीही सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर. स्ट्रासबर्गमधल्या या न्यायालयापुढे प्रश्न एवढाच होता, की या कायद्याने युरोपच्या मानवी हक्क कराराचा भंग होतो का? २०१४ मध्ये १५ विरुद्ध २ मतांनी उत्तर आलं: नाही.

गंमत कारणांत आहे. सुरक्षेचा मुद्दा न्यायालयाने फेटाळला. ओळख पटवायची असेल तेव्हा चेहरा दाखवायला सांगता येतं. त्यासाठी सरसकट बंदी कशाला? स्त्री-पुरुष समानतेचा युक्तिवादही टिकला नाही. उरला ‘एकत्र राहण्या’चा मुद्दा, म्हणजे समाजात एकमेकांशी वावरताना चेहरा दिसायला हवा हा, आणि फ्रान्सला बरीच मोकळीक देत तो मान्य झाला. मला तो पोकळ वाटतो. विरोधी मत देणाऱ्या दोघी न्यायाधीशांनाही तो मोघमच वाटला होता.

कराराचं ९ वं कलम मनातल्या श्रद्धेला हात लावू देत नाही. आचरणावर मात्र कायद्याने, ठरावीक हेतूंसाठी आणि गरजेपुरती बंधनं घालता येतात. म्हणूनच २०१३ च्या एकाच निकालात ब्रिटिश एअरवेजची कर्मचारी गळ्यातल्या क्रॉससाठी ब्रिटनविरुद्ध जिंकली, आणि रुग्णांची सुरक्षितता आड आल्याने एक नर्स हरली.