बेळगावच्या आकाशातले पट्टे: ड्रोनचे नियम कुठून आले, आज कुठे लागतात

बेळगावात ड्रोन उडवायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'पोलीस परमिशन काढा'. दुसरा, 'अडीचशे ग्रॅमच्या आतला घ्या, त्याला काही लागत नाही'. दोन्ही सल्ले जुन्या नियमांच्या काळातले आहेत आणि आज दोन्ही अर्धवट ठरतात. नियम गेल्या दहा-बारा वर्षांत तीन-चार वेळा मुळापासून बदलले. लोकांच्या बोलण्यात मात्र प्रत्येक टप्प्याचा थोडा थोडा अंश शिल्लक राहिला आहे. त्यामुळे आजचा नियम समजून घ्यायचा तर तो कुठून आला हे पाहावंच लागतं.

मूळ कायदा १९३४ चा, विमान अधिनियम. त्यातली विमानाची व्याख्या इतकी रुंद होती की फुगे आणि पतंगही त्यात बसत. ड्रोन त्यात आपोआप आला, पण त्याच्यासाठी वेगळी नियमावली नव्हती. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढून परवानगीशिवाय नागरी ड्रोन उडवायला मनाई केली. परवानगी हवी तर डीजीसीएबरोबरच हवाई वाहतूक सेवा, संरक्षण खातं, गृहखातं आणि इतर सुरक्षा यंत्रणा, अशा सगळ्यांची. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला हे जमणं शक्यच नव्हतं. जवळचं, ओळखीचं आणि उत्तर देणारं कार्यालय एकच, पोलीस ठाणं. 'पोलीस परमिशन'ची सवय त्या चार वर्षांतली आहे.

२७ ऑगस्ट २०१८ ला डीजीसीएची पहिली सविस्तर नियमावली आली आणि १ डिसेंबरपासून लागू झाली. वजनाचे पाच गट तिने आणले, ते आजही तेच आहेत: नॅनो २५० ग्रॅमपर्यंत, मायक्रो २ किलोपर्यंत, स्मॉल २५ किलोपर्यंत, मीडियम १५० किलोपर्यंत आणि त्यापुढे लार्ज. नॅनोला त्या वेळी बऱ्याच अटींतून सूट होती. दुसऱ्या सल्ल्याचा उगम हाच. अंतरांची यादीही तेव्हाच आली. दिल्ली, मुंबई, बेंगळुरूसह सहा मोठ्या विमानतळांपासून ५ किमी, बाकीच्या विमानतळांपासून ३ किमी आणि लष्करी ठिकाणांपासूनही ३ किमी. बेळगावला विमानतळापेक्षा ही शेवटची अट जास्त जाचली. ब्रिटिश काळापासूनची छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहराला चिकटूनच आहे. कॅम्पभोवती, म्हणजे या छावणीभोवती, ३ किमीचं वर्तुळ काढलं तर टिळकवाडीपासून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत सगळं त्यात येतं.

पुढचा टप्पा धावपळीचा. जानेवारी २०२० मध्ये हातातले ड्रोन जाहीर करून पोचक्रमांक घेण्याची संधी दिली गेली. तेव्हा ज्यांनी ती सोडली त्यांना पुढे नोंदणीत अडचण आली. १२ मार्च २०२१ ला नवे नियम आले, पण ते फॉर्म, शुल्क आणि परवान्यांनी इतके लादलेले होते की उद्योगातून ओरड झाली. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. आता नियम आणखी आवळतील असं वाटत असताना, दोनच महिन्यांत, २५ ऑगस्टला आले ते उलट सैल नियम: २५ फॉर्मचे ५ आणि ७२ शुल्कांची ४ झाली. नोंदणीचं शुल्क १०० रुपये, दंडाची कमाल मर्यादा १ लाख. सरकारचा हिशेब योग्य होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाळता येतील असे नियम असले तरच कोण पाळत नाही हे ओळखता येतं.

या 'ड्रोन नियम २०२१' ने अंतरांच्या यादीऐवजी नकाशा दिला. २४ सप्टेंबर २०२१ ला तो प्रसिद्ध झाला आणि आजचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. लाल पट्ट्यात फक्त केंद्र सरकारची परवानगी चालते, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किमीपर्यंत लाल, ५ ते ८ किमी जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवा आणि त्याच्या वर पिवळा.

बेळगावची खरी गोम या शेवटच्या पट्ट्यात आहे. बेळगावच्या विमानतळाची, म्हणजे सांबऱ्याची, धावपट्टी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधली, शहरापासून पूर्वेला साधारण १० किमीवर. शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. म्हणजे ८ ते १२ किमीचा पट्टा थेट शहरावरून जातो. किल्ला तलावावरचा ध्वजस्तंभ ११० मीटर उंच आहे. तो याच पट्ट्यात उभा आहे. वर फडकणारा ध्वज समोरून टिपायचा तर ड्रोन शंभर मीटरवर न्यावा लागतो, आणि तिथे हवा पिवळी असते. १५ ऑगस्टच्या सकाळी तिथे ड्रोन उडवणाऱ्याच्या मोबाइलवर काही 'रिस्ट्रिक्टेड' दिसत नाही, कारण कंपनीच्या ॲपचा नकाशा आणि सरकारचा नकाशा वेगळा. ॲप उडू देतं याचा अर्थ नियम उडू देतो असा होत नाही. शिवाय शेजारच्या किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे आणि आतलं कमल बस्ती हे जैन मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, तिथे त्या खात्याची वेगळी परवानगी लागते.

या पट्ट्यात सगळ्यात जास्त चूक होते ती 'रिटर्न टू होम'च्या उंचीत. उडवणारा ५० मीटरवर नीट काम करत असतो. सिग्नल तुटतो. ड्रोन ठरवून ठेवलेल्या उंचीवर, अनेकदा १०० मीटरवर, आपणहून चढतो आणि मग परततो. ६० ची मर्यादा त्याने मोडली, उडवणाऱ्याने नव्हे, पण जबाबदारी उडवणाऱ्याचीच. म्हणून शहरात काम असेल तर कमाल उंची आणि परतीची उंची दोन्ही ६० च्या आत ठेवायच्या, आणि मग त्या उंचीवर वाटेत मोबाइल टॉवर, होर्डिंग, इमारत येते का ते उभं राहून पाहून घ्यायचं. येत असेल तर उडवण्याची जागा बदलायची.

डोंगरावर उलटा घोटाळा. रिमोटवर दिसणारी उंची उडवल्या जागेपासूनची असते, नियमातली जमिनीपासूनची. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून ड्रोन सोडला आणि तटाबाहेर शेतांवर नेला की रिमोटवर ८० दिसत असतानाच खालच्या जमिनीपासून तो १२० च्या वर गेलेला असू शकतो.

मग पोलिसांचं काय? त्यांचा अधिकार आहे, पण वेगळ्या जातीचा. २०२१ च्या नियमांनुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल घोषित करू शकतो. त्याहून लांब बंदी हवी तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश निघतो. पूर्वी यालाच १४४ म्हणत. हलग्याचं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ मध्ये सुरू झालं. तिथलं हिवाळी अधिवेशन, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, गणेश विसर्जन, शिवजयंतीचे चित्ररथ अशा दिवसांत असे आदेश येऊ शकतात. ते कन्नडमध्ये असतात आणि पोलीस कमिशनर कार्यालयाकडून किंवा डीसी ऑफिसातून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून, येतात. म्हणून कामाच्या आदल्या दिवशी सरकारी नकाशा पाहायचा आणि त्याच संध्याकाळी स्थानिक पोलीस ठाण्यात आदेश आहे का ते विचारायचं. ठाण्याने हरकत नाही म्हटलं तरी पिवळा पट्टा हिरवा होत नाही. अडीचशे ग्रॅमच्या सल्ल्याचंही तेच: लाल-पिवळे पट्टे नॅनोलाही लागू आहेत. आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा पंख्यांची जाळी लावली की तो मायक्रोत जातो. मायक्रो हौसेने उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे पैसे घेतले की तो व्यवसाय झाला आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. पूर्वी पासपोर्टवरून अनेकांचं अडे. २०२३ च्या दुरुस्तीने मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्सही चालू लागलं.

राज्याची सीमा या नकाशावर नाही. हवाई वाहतूक केंद्राचा विषय आहे, त्यामुळे खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडे पट्ट्यांचे नियम तेच. फक्त निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कागलच्या आसपास उजळाईवाडी विमानतळाचा पट्टा लागतो, आणि पोलिसांचा आदेश मात्र सीमेवर बदलतो. भीमगडच्या अभयारण्यात वनखात्याला आधी विचारावं लागतं.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसावर फवारणी करणारे ड्रोन आता शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. ते बहुधा स्मॉल गटातले, म्हणून टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेलला सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, असलेलं मॉडेल, नोंदणी क्रमांक, तृतीय पक्ष विमा आणि प्रमाणित पायलट चारही हवेत. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र येतात. नोंदणी क्रमांक यंत्राच्या, त्याचं उड्डाण सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरच्या आणि रिमोटच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. उसात ड्रोन पडला, कंट्रोलर बदलला आणि तसाच पुन्हा उडवला, असं हंगामात घडतं. नियमाने नवा अनुक्रमांक ७ दिवसांत नोंदवायचा असतो. तो नोंदवला नाही तर पुढच्या अपघातात विम्याच्या कागदावरचं यंत्र आणि शेतातलं यंत्र जुळत नाही, आणि दावा तिथेच अडतो.