जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतील वीजपुरवठ्याचे दोष

घरगुती विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह रेडिओला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या रेडिओला, 230 व्होल्टमधून दोन वेगळे पुरवठे तयार करावे लागतात. एक व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवण्यासाठी, बहुधा 6.3 व्होल्टचा. दुसरा व्हॉल्व्हच्या प्लेटसाठी, म्हणजे करंट गोळा करणाऱ्या पत्र्यासाठी, 200 ते 300 व्होल्ट डीसीचा, ज्याला कारागीर एचटी म्हणतात. ट्रान्सफॉर्मर, ईझेड 80 सारखा एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, ती डीसी सपाट करणारे दोन मोठे फिल्टर कंडेन्सर आणि त्यांच्यामध्ये चोक (तारेची गुंडाळी) किंवा रजिस्टन्स एवढाच हा भाग असतो. बंद पडलेल्या मर्फी, बुश किंवा फिलिप्स संचात सर्वांत आधी इथेच पाहावे लागते. मात्र या भागात जळालेली वस्तू हीच दोषाचे मूळ असते असे नाही.

सोलापूरच्या हवेत या संचांचे विशेष हाल होतात. उन्हाळ्यात पारा सहज 40 अंशांच्या वर जातो आणि बंद लाकडी पेटीत व्हॉल्व्हची उष्णता त्यात भर घालते. फिल्टरसाठी वापरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मे होते, कारण आतला ओलावा सुकत जातो. पूर्व भागात घरातच यंत्रमाग चालत असलेल्या ठिकाणी कापसाची बारीक तूसही चॅसिसवर, म्हणजे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर, बसते. ती कोरड्या ब्रशने काढल्याशिवाय तपासणी सुरू करू नये. तापलेल्या रजिस्टन्सवर तूस करपते आणि तो वास ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा वाटतो.

माळ्यावरून काढलेला संच थेट प्लगमध्ये घालणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. आधी वीज न देता एचटीची ओळ आणि चॅसिस यांच्यात काट्याचा मल्टिमीटर ओहमच्या मापावर लावावा. काटा शून्याकडे झेपावून हळूहळू परत यायला हवा. तो शून्यापाशीच राहिला तर शॉर्ट आहे. त्यानंतर 60 किंवा 100 वॅटचा साधा तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर स्विच ताबडतोब बंद करून सगळे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे काढावेत आणि पुन्हा पाहावे. तरीही बल्ब तसाच पेटला, तर ट्रान्सफॉर्मरचे वेढे आपसात भिडले असण्याचीच शक्यता जास्त. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. तो पेचकसाची ठिणगी पाडून नव्हे, तर एखाद्या किलोओहमच्या जाड रजिस्टन्समधून उतरवावा.

घरघर ऐकून बरेच कळते. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या रेक्टिफायरची घरघर 100 हर्ट्झची असते. ती वाढली तर फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत. 50 हर्ट्झचा जाडसर आवाज आला तर रेक्टिफायरची एक बाजू मेली असावी. स्टेशन लागले की घरघर आणि सुई सरकवली की शांतता, असे असेल तर फिल्टरला हात लावू नये. तिथे बहुधा रेक्टिफायरच्या प्लेटपासून चॅसिसकडे जाणारा छोटा कंडेन्सर निकामी झालेला असतो. फिल्टरच्या जागी जमेल तेवढा मोठा कंडेन्सर घालण्याची सवयही वाईट. ईझेड 80 नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा 50 मायक्रोफॅरड आहे. ती ओलांडली तर व्हॉल्व्हमध्ये ठिणग्या उडतात.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. नवा रेक्टिफायर घातला, फिल्टर बदलले, तासभर छान वाजले आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा चटका देऊ लागला, अशी तक्रार घेऊन संच परत येतो. अशा वेळी स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला), म्हणजे ईएल 84 च्या 2 नंबरच्या पिनेला, मीटर लावावा. तिथे चॅसिसच्या तुलनेत जवळजवळ शून्य व्होल्ट हवेत. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून आवाजाचा सिग्नल पुढे देणारा आणि डीसी अडवणारा कागदी कपलिंग कंडेन्सर किंचित गळत असला तरी हे बिघडते. प्लेटवर 100 व्होल्ट, ग्रिडचा रजिस्टन्स 470 किलोओहम आणि गळती 10 मेगओहमची असेल, तर ग्रिडवर सुमारे साडेचार व्होल्ट येतात. ज्या व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे करंट आवरणारा ग्रिडवरचा ऋण दाब, सातेक व्होल्टचाच आहे त्याला एवढे पुरे. तो भरमसाट करंट ओढतो. अंधारात पाहिले तर प्लेट लालसर दिसते, आणि त्याचा सगळा भार रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मरवर पडतो. कंडेन्सरचा एक पाय सोडवून ग्रिडवरचे व्होल्ट नाहीसे झाले की निदान पक्के. हा एक स्वस्त कंडेन्सर आधी बदलला असता तर कितीतरी ट्रान्सफॉर्मर वाचले असते.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचांत सर्व फिलामेंट गणपतीच्या मखरातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटले की सगळे विझतात. जादा व्होल्ट उतरवणाऱ्या मोठ्या वायरवाउंड ड्रॉपर रजिस्टन्सची तार तुटली तरी तेच होते. या संचांचे चॅसिस थेट मेनला जोडलेले असते आणि प्लग उलटा बसला तर त्यावर फेज येतो. मेनपासून संच वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते उघडून चालू करूच नयेत.

रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून 1एन4007 डायोड लावले जातात. ते चालतात, पण बाकीचे व्हॉल्व्ह तापण्याआधीच एचटी पूर्ण चढते आणि नेहमीपेक्षा वरही जाते. म्हणून सोबत योग्य रजिस्टन्स हवाच. ट्रान्सफॉर्मर 350-0-350 चा असेल तर प्रत्येक बाजूला दोन डायोड सिरीजमध्ये घालावेत, कारण एकावर उलटा दाब हजार व्होल्टच्या आसपास पोहोचतो.

जळालेला ट्रान्सफॉर्मर टाकून देण्याचे कारण नाही. यंत्रमागांच्या मोटारींचे वेढे भरणारे कारागीर सोलापुरात आहेत आणि वेढ्यांचा हिशोब दिला तर त्यांना हे काम जमण्यासारखे आहे. बहुतेक संचांत फिलामेंटची जाड तार सर्वांत बाहेर असते. ती उलगडताना वेढे मोजून 6.3 ने भागावे. दर व्होल्टचे वेढे कळले की त्याला 230 ने गुणून प्रायमरीचे, म्हणजे मेनच्या बाजूचे, साधारण वेढे मिळतात.