चादरीवरच्या मोराची मान

सोलापुरी चादर पांघरलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतील, पण त्या चादरीवरचा मोर डोळ्यापाशी धरून पाहिलेली फारशी नाहीत. एकदा पाहाच. हातभर अंतरावरून त्याची मान किती डौलात वळलेली दिसते! चादर जवळ आणली की ते वळण विरून जातं आणि पायऱ्या उरतात. दोन घरं आडवी, एक घर वर. परत दोन आडवी, एक वर. मान जिथे जास्त वळते तिथे एक आडवं आणि तीन वर. अख्ख्या चादरीत गोलाई कुठेच नाही. ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा जिथे भेटतात, तिथे वर कुठला रंग दिसायचा एवढंच ठरतं. चादर उलटी केली की तोच मोर रंगांची अदलाबदल होऊन दिसतो, तो यामुळेच. इथे खाली गेलेला रंग तिथे वर आलेला असतो.

मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करायचं, काम करतो. लग्नपत्रिका, लेबलं, पावती पुस्तकं, आणि संक्रांतीला सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आली की फ्लेक्स. गिऱ्हाईक म्हणतं, "जेपीजी काढून द्या." मी एक्सपोर्टचं बटण दाबतो, आणि चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर घराघराने उतरवणारे ग्राफवाले काका दोन-दोन आठवडे मान मोडून जे काम करत, ते संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करून टाकतो. ते काम म्हणजे वळणाच्या पायऱ्या करणं. व्हेक्टरचं, म्हणजे वळणांच्या चित्राचं, बिटमॅप, म्हणजे घराघरांचं चित्र, करणं म्हणतात ते हेच.

व्हेक्टर फाइलमध्ये खरं तर मोर नसतोच, मोर काढायची कृती असते. या बिंदूपासून निघ, असं वळत त्या बिंदूपर्यंत जा, आतला भाग निळा भर. यातलं 'असं वळत' चार बिंदूंत सांगता येतं: दोन टोकांचे, आणि दोन वक्राला आपल्याकडे ओढून धरणारे. कोरल हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे हँडल रोजच्या ओळखीचे आहेत. हे गणित आलं मोटारींच्या कारखान्यांतून. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ते मांडलं, पण कंपनीने गुपित ठेवलं. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी तेच स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केलं, म्हणून आज सगळं जग त्याला बेझिए वक्र म्हणतं. कृतीला आकारमान नसतं. त्याच फाइलमधून शर्टाचं बटण काढा नाहीतर इमारतीएवढा फलक, वळण वळणच राहतं.

कागद आणि पडदा मात्र घरांचे बनलेले असतात. मोबाइलच्या पडद्यावर पिक्सल, छपाईत शाईचे ठिपके, चादरीत धाग्यांच्या भेटी. मागाला हे दोनशे वर्षांपासून माहीत आहे. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जो माग केला, त्यात पुठ्ठ्याच्या एका कार्डावर एका आडव्या धाग्याचा हिशेब असतो. भोक असेल तिथला आकडा ताण्याचा धागा उचलतो, भोक नसेल तिथला धागा खाली राहतो. १८३९ मध्ये ल्यों शहरात खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. होय किंवा नाही, भोक किंवा पुठ्ठा. बिटमॅपमधला 'बिट' तोच.

आता नेमकं ठरतं कसं? सगळ्यात सोपी गोष्ट घेऊ: एक तिरपी रेघ. चौकटीच्या कागदावर ११ घरं उजवीकडे जाताना ४ घरं वर चढायचं आहे. रेघ घरांच्या मधूनच जाते, मग कुठलं घर रंगवायचं? आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेसेनहॅम यांनी १९६२ मध्ये, रेघा काढणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी, याची एक सुंदर रीत काढली. तेव्हाच्या संगणकांना अपूर्णांक आणि भागाकार जड जायचे, म्हणून त्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी वापरली. आपल्याकडच्या दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी ही रीत आहे. खातं शून्यावरून सुरू करा. एक घर उजवीकडे गेलं की खात्यात ८ मांडा, म्हणजे चढाची दुप्पट. बाकी ११ च्या वर गेली की एक घर वर चढा आणि २२ वजा करा. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा: ८, मग १६. चढलो, बाकी उणे ६. मग २, १०, १८. चढलो, उणे ४. असं करत शेवटच्या घराला पोचलात की खातं बरोबर शून्यावर येतं आणि रेघ बरोबर चार घरं चढलेली असते. रंगवलेली घरं मोजली तर दोन, तीन, दोन, तीन, दोन अशा पायऱ्या दिसतील. चादरीवर शोधलीत तर हीच लय सापडेल. मला हे पहिल्यांदा हाताने जमलं त्या दिवशी मी चार पानं रेघा काढत बसलो होतो.

वक्राचं काय? त्याचे मधोमध तुकडे पाडत जायचं, जोवर एकेक तुकडा जवळजवळ सरळ होत नाही तोवर. मग तो रेघांचाच हिशेब. आणि आतला भाग भरताना संगणक मागासारखाच ओळीओळीने जातो. डावीकडून निघायचं, कड ओलांडली की मोजायचं. एकदा ओलांडली म्हणजे आत आलो, दोनदा म्हणजे बाहेर, तीनदा म्हणजे परत आत. विषम आकडा असेल तिथे रंग, सम असेल तिथे कोरं. मोराच्या डोळ्यातलं पांढरं वर्तुळ याच नियमाने पांढरं राहतं. हा नियम लक्षात ठेवा, शिरोरेघेपाशी परत लागणार आहे.

पायऱ्या डोळ्यांना खुपू नयेत म्हणून संगणकाकडे एक सोय आहे, ती मागाकडे नाही. कड एखाद्या घराच्या मधून जात असेल तर ते घर पूर्ण काळं किंवा पूर्ण पांढरं न करता, कडेने त्याचा जेवढा भाग व्यापला तेवढं करडं करायचं. पाव व्यापला तर पाव काळं. याला अँटी-अलायझिंग म्हणतात. सहसा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात, आणि लांबून डोळा त्या करड्या घरांची गुळगुळीत कड करून घेतो.

पण आपल्या लिपीची खरी अडचण इथूनच सुरू होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. आपली एका शिरोरेघेला लटकलेली असतात. 'सोलापूर' लिहिलं की वर एक सलग रेघ दिसते, पण फॉन्टमध्ये ती सलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. समजा 'ला'चा तुकडा एका पिक्सलच्या मध्यावर संपला आणि 'पू'चा तिथूनच सुरू झाला. संगणक आधी 'ला' काढतो: अर्धं घर व्यापलं, म्हणून घर अर्धं काळं. मग 'पू' काढतो: अर्धं घर व्यापलं, म्हणून जेवढं पांढरं उरलं होतं त्याच्या अर्धं काळं. अर्धा आणि पाव मिळून पाऊण. खरं तर ते घर पूर्ण भरलेलं होतं, पण ते पाऊणच काळं झालं, आणि शिरोरेघेत केसाएवढी फिकट भेग दिसायला लागली. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने ही भेग कधी ना कधी पडद्यावर पाहिली आहे.

ती टाळायला फॉन्ट करणारी मंडळी शिरोरेघेचे तुकडे थोडे लांब ठेवतात, म्हणजे शेजारच्या अक्षरावर ते जरासे चढतात. भेग बुजते. मग छापखान्याचा निरोप येतो, "फॉन्ट कर्व्ह करून पाठवा," म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून. आपण कर्व्ह करतो, आणि सवयीने सगळी अक्षरं कंबाइनही, म्हणजे एकाच आकृतीत जमा, करून टाकतो. आता ते चढलेले भाग दोनदा मोजले जातात. दोन म्हणजे सम. सम म्हणजे कोरं. प्रत्येक जोडावर शिरोरेघेला पांढरं खिंडार पडतं. लग्नपत्रिकेवर वधूचं नाव असं तुटलेलं छापून आलं की घरच्यांना वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. उपाय साधा आहे: कंबाइनऐवजी वेल्ड करा, म्हणजे चढलेले भाग एकजीव होतात.

बारीक अक्षरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दोन पिक्सल जाड शिरोरेघ पिक्सलच्या मध्यावर सुरू झाली तर एक ओळ पूर्ण काळी आणि वर-खाली दोन ओळी करड्या होतात. अक्षर मळकट दिसतं. मजकूर अर्धा पिक्सल सरकवला तर लख्ख होतं.

मापाचं मात्र सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. सुरुवातीच्या काळात एका दुकानाचं दोन इंचांचं चिन्ह मी ९६ डीपीआयने, म्हणजे इंचाला ९६ घरं धरून, काढून दिलं होतं. ते झालं १९२ घरं रुंद. व्हेक्टर फाइल ठेवली नव्हती. पुढे त्याच चित्रावरून चार फुटी फलक झाला, म्हणजे एका इंचात चार घरं, एकेक घर ६ मिलिमीटरहून मोठं. निरोगी डोळ्याला १० मीटरवरून साधारण ३ मिलिमीटरचा फरक कळतो. रस्त्याच्या पलीकडूनही त्या चिन्हाच्या पायऱ्या मोजता येत होत्या. आमच्या धंद्यात म्हणतात, इमेज फाटली.

याच्या उलट चूकही होते. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स कुणी ३०० डीपीआयने मागतो. तेवढ्याची घरं होतात २५९ कोटी, आणि चार शाईंचा हिशेब धरला तर फाइल सुमारे १० जीबी. ७२ डीपीआयने तोच फ्लेक्स सुमारे १५ कोटी घरांत होतो, आणि एक घर असतं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. चौकातून बघणाऱ्याला ते दिसणं शक्यच नाही. हातात धरून वाचायच्या पत्रिकेला ३०० लागतात, कारण तिथे डोळा वीतभरावर असतो. आणि अक्षरं, चिन्हं यांचं बिटमॅप काढायचं तर पीएनजी काढा. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ घरांचे चौकोन करून दाबतं. फोटोत ते खपून जातं, काळ्या अक्षराच्या कडेला मात्र धूळ बसल्यासारखी दिसते.

बिटमॅपवरून परत व्हेक्टर करणारी सॉफ्टवेअर आहेत, मीही वापरतो. पण ती पायऱ्यांवरून वळणाचा अंदाज बांधतात. मूळ हात कसा फिरला होता, हे त्या घरांमध्ये उरलेलंच नसतं.

ग्राफवाल्या काकांकडे मी एकदा बसलो असताना एक कारखानदार आला. चादरीवरचा मोर त्याला टॉवेलसाठी हवा होता, निम्म्याहून लहान. त्याने जुना ग्राफ पुढे केला आणि म्हणाला, यातली एकाआड एक घरं गाळून टाका, होऊन जाईल. काकांनी ग्राफ हातात घेतला, मानेवरून बोट फिरवलं, आणि मराठी-तेलुगू मिसळत त्याला समजावलं की अशाने चोच जाईल, डोळा जाईल आणि मान मोडेल. मग ते उठले, कपाटातून पेन्सिलीने काढलेलं मूळ चित्र शोधून आणलं, त्यावर कोरा ग्राफ ठेवला आणि मानेपासून सुरुवात केली. या वेळी तिला पाचच पायऱ्या आल्या.