कर्जबुडीची तरतूद

दिलेल्या कर्जांपैकी काही रक्कम परत येणार नाही हे धरून बँक आपल्या उत्पन्नातून आधीच जो खर्च हिशेबात टाकते, त्याला तरतूद म्हणतात. ही रक्कम तिजोरीत वेगळी काढून ठेवलेली नसते. नफा-तोटा पत्रकात ती खर्च म्हणून पडते, नफा तेवढा घटतो आणि पुढे कर्ज खरोखर बुडाले की नुकसान या तरतुदीतून भागवले जाते. महाराष्ट्रातील नागरी बँका आणि पतसंस्थांच्या अहवालांत ती ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ या नावाने आढळते. अंदाजात बसणारे नुकसान तरतुदीने सोसायचे आणि अंदाजाबाहेरचे भांडवलाने, अशी ही मांडणी आहे. दोन्ही अपुरे पडले तर झळ ठेवीदारांपर्यंत जाते.

भारतात याचे आजचे नियम वित्तीय व्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींतून आले. त्याआधी वसूल न झालेले व्याजही पुष्कळदा उत्पन्न म्हणून दाखवले जाई आणि कागदावर नफा उभा राही. १९९२-९३ पासून रिझर्व्ह बँकेने उत्पन्न कधी धरायचे, कर्जाची वर्गवारी कशी करायची आणि तरतूद किती करायची, हे ठरवून दिले. सुरुवातीला चार तिमाहींची थकबाकी झाल्यावर कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरे. ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत ३१ मार्च २००४ पासून ९० दिवसांवर आणली गेली. पीककर्जाला अपवाद आहे. तिथे मुदत हंगामावर मोजतात : अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक.

खाते एनपीए होण्याआधीचे ९० दिवसही तीस-तीस दिवसांच्या तीन टप्प्यांत (एसएमए, म्हणजे ‘विशेष उल्लेख खाते’ - ०, १ आणि २) नोंदले जातात. एनपीए झाले की न मिळालेले व्याज उत्पन्नातून उलटवावे लागते आणि त्या कर्जदाराची बँकेतली इतर कर्जेही सामान्यतः त्याच वर्गात जातात. पहिले बारा महिने खाते दुय्यम दर्जाचे राहते, नंतर संशयित होते आणि वसुलीची आशाच संपली तर बुडीत ठरते. नियमित कर्जावरही साधारण ०.४० टक्के तरतूद असते; शेती आणि लघुउद्योगांसाठी ती ०.२५ टक्के, तर व्यापारी स्थावर मालमत्तेसाठी साधारण १ टक्का आहे.

एक उदाहरण घेऊ. येणे रक्कम एक कोटी, तारणाची वसूल होण्याजोगी किंमत साठ लाख. कर्ज नियमित असताना तरतूद ४० हजार रुपये. दुय्यम दर्जात गेले की १५ टक्के, म्हणजे १५ लाख. वर्षभराने ते संशयित झाले की तारण नसलेल्या ४० लाखांवर पूर्ण आणि तारण असलेल्या ६० लाखांवर २५ टक्के, मिळून ५५ लाख. संशयित होऊन वर्ष उलटले की तारणावरचा दर ४० टक्के होतो, एकूण ६४ लाख. आणखी दोन वर्षांनी पूर्ण एक कोटी. तारणाची किंमत आधीच्या मूल्यांकनाच्या निम्म्याखाली आली, तर दुय्यम दर्जाची पायरी वगळून खाते थेट संशयित धरले जाते. म्हणून तारणाचे मूल्यांकन करणाऱ्याच्या सहीला या सगळ्या गणितात मोठे वजन आहे.

या पद्धतीतला कच्चा दुवा उदाहरणातच दिसतो. एक्याण्णवाव्या दिवशी तरतूद ४० हजारांवरून १५ लाखांवर उडी मारते, पण कर्जदाराची पत काही त्या एका रात्रीत ढासळलेली नसते. ही उडी टाळायचा मोह बँकेलाही होतो आणि कर्जदारालाही. मार्चअखेरीस थकलेले कर्ज कागदोपत्री भरून घ्यायचे आणि लगेच नवे द्यायचे, हे ‘नवं-जुनं’ गावातल्या विकास सोसायटीत सर्वांना ठाऊक असते. मोठ्या उद्योगांच्या बाबतीत हेच काम कर्जाच्या पुनर्रचनेच्या, म्हणजे परतफेडीच्या अटी सैल करूनही कर्ज नियमित धरण्याच्या, सवलतीने बराच काळ केले. फरक आकड्यांमागच्या शून्यांचा. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्ता तपासणी हाती घेतली आणि दडलेली थकीत कर्जे वर येऊ लागली. मार्च २०१८ पर्यंत ढोबळ एनपीएचे, म्हणजे तरतूद वजा न करता मोजलेल्या थकीत कर्जांचे, एकूण कर्जांतले प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले आणि वाढलेल्या तरतुदींनी अनेक सरकारी बँका तोट्यात ढकलल्या. कर्जे २०१८ मध्ये बिघडली नव्हती, ती बिघडल्याचे तेव्हा मान्य झाले.

जगभर हाच धडा २००८ च्या वित्तीय संकटाने दिला. तोपर्यंतचे लेखा नियम ‘नुकसान झाल्याचा पुरावा दिसला की नोंदवा’ असे सांगत. स्पेनने मात्र २००० पासूनच चांगल्या काळात जादा तरतूद साठवण्याची पद्धत सुरू केली होती. २०१४ मध्ये पूर्ण झालेले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले आयएफआरएस ९ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक अपेक्षित नुकसान मोजायला सांगते. त्यात कर्जाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात पुढील बारा महिन्यांत कर्ज थकण्याच्या शक्यतेतून येणारे नुकसान धरतात. जोखीम लक्षणीय वाढली, की दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या संपूर्ण मुदतीचे नुकसान धरतात; हप्ता तीस दिवसांहून अधिक थकला की तसे गृहीतच धरले जाते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष बिघडलेल्या कर्जांचा. अमेरिकेने वेगळी वाट धरून पहिल्या दिवसापासूनच संपूर्ण मुदतीचे नुकसान धरायचे ठरवले.

मोजणी तीन आकड्यांच्या गुणाकाराने होते : कर्ज थकण्याची शक्यता, थकल्यास बुडणारा हिस्सा आणि त्या वेळी येणे असलेली रक्कम. एक कोटीच्या कर्जात वर्षभरात थकण्याची शक्यता २ टक्के आणि बुडणारा हिस्सा ४० टक्के धरला, तर तरतूद ८० हजार. पुढे धंदा मंदावून मुदतभरातली शक्यता १५ टक्क्यांवर गेली, तर ६ लाख. उडी जात नाही, पण तिच्या मधे एक पायरी येते. गुणाकार सोपा, कष्ट आकडे मिळवण्यात. शक्यता काढायला कर्जांचा अनेक वर्षांचा इतिहास लागतो. बुडणारा हिस्सा काढताना पैसा किती वर्षांनी हाती येईल हे पाहून त्याचे आजचे मूल्य धरावे लागते. कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या कर्जात, न उचललेली मर्यादाही मोजावी लागते, कारण अडचणीत सापडलेला व्यापारी आधी तीच उचलतो. यावर पुढील आर्थिक परिस्थितीचा अंदाज चढतो आणि बँकेच्या स्वतःच्या मताला बरीच जागा मिळते. २०२० च्या कोरोनाकाळात हप्ते लांबवण्याची सवलत असल्याने थकबाकीचे दिवसच मोजले जात नव्हते. हे आकडे काढणाऱ्या प्रतिमानांना (मॉडेल) इशारा मिळेना, म्हणून व्यवस्थापनांना त्यांच्या आकड्यांवर अंदाजाने भर घालावी लागली.

एखादी बँक आपला ‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’ असल्याची जाहिरात करते, तेव्हा तिची कर्जे थकलेली नाहीत असा अर्थ होत नाही. निव्वळ एनपीए म्हणजे ढोबळ एनपीएतून तरतूद वजा करून उरलेली रक्कम; त्यामुळे ढोबळ एनपीएएवढी तरतूद केलेली आहे, एवढेच त्यातून कळते. तेही वर्गवारी खरी असेल तरच. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा तिची सुमारे सत्तर टक्के कर्जे एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे असल्याचे आणि हजारो बनावट खात्यांआड ती लपवल्याचे उघड झाले. थकीत कर्ज वहीत थकीत म्हणून आलेच नव्हते, त्यामुळे कोणत्याही टक्केवारीची तरतूद ते पकडू शकली नसती.

भारतात मोठ्या बिगरबँक वित्त कंपन्या २०१८ पासून अपेक्षित नुकसानाची पद्धत वापरत आहेत. बँकांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नवी लेखा मानके पुढे ढकलली. अपेक्षित नुकसानाच्या पद्धतीवर जानेवारी २०२३ मध्ये चर्चापत्र आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा. त्यात १ एप्रिल २०२७ पासून अंमल आणि भांडवलावरचा एकरकमी भार पेलण्यासाठी मार्च २०३१ पर्यंतची सवड सुचवली आहे. बँकेचे प्रतिमान काहीही सांगो, तरतूद ठरलेल्या किमान दराखाली जाऊ नये, अशी अटही आहे. मसुदा अनुसूचित व्यापारी बँकांसाठी असून लघु वित्त बँका, पेमेंट बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँका वगळल्या आहेत. नागरी सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत येत नाहीत; त्यांच्याकडे ९० दिवसांचाच हिशेब चालू राहील.