माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून शेतकरी आणि लेकी का सुटतात?

माजी विद्यार्थी मेळाव्याची तारीख ठरली की आधी व्हॉट्सॲपवर फॉर्मची लिंक येते. नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, कंपनी किंवा कार्यालय, पद, पगार. पुण्या-बंगळुरूकडे गेलेली मंडळी प्रवासात बसल्या बसल्या तो भरून टाकतात. विदर्भातल्या मोर्शी, पुसद, ब्रह्मपुरीकडे घरची शेती पाहणारा बी.ए., बी.एस्सी. झालेला माणूस मात्र तिसऱ्या रकान्यापाशी अडतो आणि बरेचदा फॉर्म तसाच राहतो. दोष त्याचा नाही. माजी विद्यार्थ्याची खबर म्हणजे नोकरीची खबर, हे आपल्याकडे फार आधीपासून ठरत आलं आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ ला आणि मॉरिस कॉलेज १८८५ ला सुरू झालं. इथल्या मुलांची पदवी तेव्हा आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची असे. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. पदवीधर इतके थोडे की कोण तहसीलीत लागला, कोणी वकिली थाटली, हे न विचारता कळायचं. नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, सरकारी कचेऱ्या तिथेच होत्या आणि पदवीची वाट त्या कचेऱ्यांकडेच जात होती.

शेतकऱ्याच्या घरात ही पदवी आणण्याचं मोठं श्रेय डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा मुलगा विलायतेत शिकून परतला, वसतिगृहं उभारली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. वसतिगृह नसतं तर खेड्यातल्या पोराला अमरावतीत राहायला जागा कुठली मिळणार होती? पण घरच्यांच्या मनात हिशेब पक्का होता. कापसाचे पैसे पोराच्या शिक्षणात घातले, आता पोरानं कापसातून बाहेर पडावं. म्हणून सुट्टीत गावी आलेल्या पोराला पारावर पहिला प्रश्न यायचा, “लागला का कुठी?” त्या प्रश्नात मायाच होती. कोरडवाहू शेतीनं काय केलं, हे विचारणाऱ्यानं स्वतः भोगलेलं असायचं.

१९६९ साली विदर्भात दोन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. अकोल्याचं कृषी विद्यापीठ लोकांनी आंदोलन करून मिळवलं, त्याला पंजाबरावांचंच नाव मिळालं. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आणि प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं असा तिथे पायंडा पडला. गावाला पदवीच्या मध्यभागी ठेवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. तरीही कृषी पदवीधर झाल्यावर अभिमानानं सांगायची बातमी ठरली ती बँकेत किंवा कृषी खात्यात निवड झाल्याची.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. त्याच सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि शेगावला गजानन महाराज संस्थानचं महाविद्यालय त्याच साली उघडलं. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ यायला मात्र २०११ उजाडलं. तोवर सिरोंच्याच्या मुलाच्या गुणपत्रिकेत साधी चूक दुरुस्त करायची तरी विद्यापीठ नागपूरलाच होतं.

यादीत सर्वांत गप्प आहे ती डी.एड., बी.एड. आणि प्राध्यापकीसाठीची नेट-सेट केलेली पिढी. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं. त्याही आशेवर गावोगावच्या मुला-मुलींनी डी.एड. केलं. २०१२ नंतर भरती जवळजवळ थांबली, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. कॉलेजात शिकवणारे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं मिळणाऱ्या पैशांवर राहिले, वर्ष संपलं की पुन्हा नव्यानं मुलाखत. पदाच्या रकान्यात यांनी काय लिहावं? ‘सहायक प्राध्यापक’ लिहिलं तर खोटं वाटतं आणि ‘सीएचबी’, म्हणजे तासिकेवरचा, असं लिहायला जीव धजत नाही. मला ही माणसं फार मोलाची वाटतात. खेड्यातल्या कॉलेजांचे अनेक वर्ग त्यांच्यावरच चालतात.

आजच्या फॉर्मचा साचा महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं दिला. ही परिषद १९९४ साली स्थापन झाली आणि २०१७ च्या सुधारित पद्धतीत पाचव्या निकषाखाली विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग स्पष्टपणे मागितला गेला. कुठे नेमणूक झाली, पगार किती, माजी विद्यार्थ्यांकडून किती लाख जमले. सोबत पुरावा हवा, म्हणजे नेमणूकपत्र. दहा एकरांत संत्रा लावून चार घरांना काम देणाऱ्याला नेमणूकपत्र कोण देणार? मूल्यांकन जवळ आलं की प्राध्यापक फोन करत सुटतात आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याचीच नोंद आधी होते.

मुलींचं तर नावच हरवतं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जुना नंबर लग्नानंतर बंद. वर्गात पहिली आलेली मुलगी आज दारव्ह्याला आहे की दिग्रसला, हे ग्रुपवर कुणालाच सांगता येत नाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची नोंदणी यापेक्षा उदार आहे. नमुना १८ मध्ये व्यवसाय विचारतात, पण पुरावा मागतात तो पदवीचा. शेती लिहा, गृहिणी लिहा, नाव यादीत येतं. अडचण अशी की ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं करतात, आणि नाव बदललेल्या बाईला इथेही जादा कागद जोडावा लागतो.

विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक लग्नानं बदलत नाही आणि नोकरी गेल्यानंही जात नाही. महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांचं रजिस्टर त्या क्रमांकावर ठेवावं, व्यवसायाच्या रकान्यात शेतीला सातबारा चालेल असं छापावं, आणि तासिकेवरच्या माणसाला त्याच्या विषयाच्या नावानं नोंदवावं. नॅकला हवी ती माहिती त्यातून वेगळी काढता येईल, त्यासाठी बाकीच्यांची नावं गाळायची गरज नाही.