थॅलेट-संपर्काचे वयोगटानुसार अनुमान

थॅलिक आम्लाची एस्टर संयुगे, म्हणजे थॅलेटे, माणसाच्या शरीरात रोज किती जातात हे गणिताने काढण्याची पद्धत. उत्तर दर किलो शरीरवजनामागे दररोज इतके मायक्रोग्रॅम असे देतात. एकाच घरात राहणाऱ्या आईबापांचे आणि मुलांचे आकडे सारखे येत नाहीत, आणि बहुतेक थॅलेटांच्या बाबतीत लहान मुलांचे आकडे वरचढ असतात. म्हणून 'सरासरी माणूस' गृहीत धरून केलेला हिशेब इथे फारसा उपयोगी पडत नाही.

पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असते. थॅलेटे मिसळली की ते लवचीक होते. ही द्रव्ये प्लॅस्टिकच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती त्यांच्या मधल्या जागेत बसलेली असतात. त्यामुळे ती सावकाश सुटत राहतात आणि तेलकट अन्नात, हवेत, जमिनीवरच्या धुळीत मिसळतात. सगळी थॅलेटे एका माळेचे मणी नव्हेत. डीईएचपी आणि डीआयएनपी जड आहेत, ती मुख्यतः अन्नावाटे येतात. डीईपी हलके असून सुगंधी प्रसाधनांत वापरले जाते. स्वयंसेवकांनी 48 तास फक्त पाण्यावर उपास केला तेव्हा त्यांच्या लघवीतील जड थॅलेटांच्या खुणा झपाट्याने उतरल्या, डीईपीच्या मात्र उतरल्या नाहीत. कोणते थॅलेट कुठून येते याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

अनुमानाच्या वाटा दोन. पहिली उगमाकडून शरीराकडे जाते. अन्न, हवा, धूळ, प्रसाधने, खेळणी यांतील प्रमाण मोजायचे. माणूस त्यातले किती खातो, श्वासावाटे घेतो, अंगाला लावतो हे ठरवायचे. गुणाकार करून बेरीज घ्यायची. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी 2006 मध्ये युरोपातील लोकांसाठी आठ थॅलेटांचा असा हिशेब मांडला आणि लोकसंख्येचे वय व लिंग यांनुसार सात गट पाडले. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त संपर्क तान्ह्या आणि रांगत्या-चालत्या मुलांचा निघाला. कारणे उघड आहेत. मूल वजनाच्या मानाने जास्त खाते, जास्त हवा घेते. जमिनीवर रांगते आणि तोच हात तोंडात घालते. दात येण्याच्या दिवसांत तर हाती लागेल ते चघळते, त्यामुळे 'रोज किती मिनिटे चोखले' हाही हिशेबातला एक आकडा होतो. प्रौढांच्या कोष्टकात हा रकानाच नसतो. या वाटेने उगम कळतात हा तिचा मोठा गुण. दोष असा की विसरलेला उगम बेरजेतून निमूट गळतो. त्वचेचेच पाहा. हवेतले थॅलेट थेट कातडीतून आत शिरते ही गोष्ट बराच काळ दुर्लक्षित राहिली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा पुरुष थॅलेटयुक्त हवेच्या खोलीत सहा तास उघड्या अंगाने बसले. श्वासासाठी त्यांना वेगळी स्वच्छ हवा दिली होती. तरीही डीईपी आणि डीबीपी ही थॅलेटे त्यांच्या त्वचेतून गेली, आणि तेही श्वासावाटे जाते त्याच्या तोडीचे.

दुसरी वाट उलटी, लघवीकडून मागे जाणारी. थॅलेटे शरीरात साठून राहत नाहीत. काही तासांत त्यांचे तुकडे पडतात आणि एक-दोन दिवसांत बरेचसे बाहेर जातात. या तुकड्यांना मेटाबोलाइट म्हणतात. मूळ थॅलेट मोजण्यात अर्थ नसतो, कारण ते प्रयोगशाळेच्या नळ्या-बाटल्यांतही असते. डीईएचपीचा पहिला तुकडा एमईएचपीसुद्धा दूषित नमुन्यात तयार होऊ शकतो. म्हणून शरीरातच घडणारे ऑक्सिडीकृत (ऑक्सिजन जोडला गेलेले) तुकडे, उदाहरणार्थ 5-ओएच-एमईएचपी, मोजण्यावर भर असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 60 किलो वजनाचा प्रौढ आणि 15 किलोचे मूल, दोघांच्याही लघवीत 5-ओएच-एमईएचपी लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम. प्रौढाची दिवसाची लघवी दीड लिटर धरली तर 45 मायक्रोग्रॅम बाहेर पडले. गिळलेल्या डीईएचपीपैकी सुमारे 23.3 टक्के रेणू 24 तासांत या रूपात बाहेर येतात असे मानून आणि दोन्ही रेणूंच्या वजनांतला फरक जमेस धरून मागे गेले की सेवन साधारण 256 मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागे 4.3 येते. मुलाची लघवी अर्धा लिटर धरली तर सेवन 85 मायक्रोग्रॅम, पण किलोमागे 5.7. लघवीतला आकडा तोच असूनही मुलाचा संपर्क जास्त ठरला.

आता यातला 23.3 टक्के हा आकडा पाहा. एका प्रौढ पुरुषाने समस्थानिकाची (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूची) खूण केलेले डीईएचपी घेतले, त्याची लघवी तपासली, त्यातून तो आला. पुढच्या प्रयोगांत स्वयंसेवक वाढले, पण तेही प्रौढच. मुलांना असा डोस देणे नीतीत बसत नाही, त्यामुळे प्रौढांचा हाच गुणांक मुलांना लावण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र लहान मुलांत ऑक्सिडीकृत तुकड्यांचे प्रमाण एमईएचपीच्या तुलनेत मोठ्यांपेक्षा अधिक आढळते, म्हणजे गुणांक वयाबरोबर बदलत असावा. दुसरी अडचण क्रिएटिनीन या लघवीतून बाहेर पडणाऱ्या द्रव्याची. लघवी पातळ की दाट हे जुळवून घेण्यासाठी आकडा क्रिएटिनीनने भागतात. पण क्रिएटिनीन स्नायूंतून येते आणि मुलांचे स्नायू कमी. भागाकार केला की त्यांचे आकडे फुगतात. दोन वयोगटांची तुलना क्रिएटिनीन-दुरुस्त आकड्यांवर केलेली दिसली, तर दर दिवशी बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनीनचे वयानुरूप मूल्य वापरले आहे का, हे आधी तपासावे. शिवाय एका वेळच्या नमुन्यात आदल्या जेवणाचाच ठसा जास्त. गटाची सरासरी काढायला तो चालतो, एका व्यक्तीबद्दल फार काही सांगत नाही.

सगळ्या थॅलेटांचा कल मुलांकडेच झुकतो असेही नाही. डीईपीचे आकडे प्रसाधने वापरणाऱ्या मोठ्यांत, विशेषतः स्त्रियांत, चढे असतात. काही औषधांच्या आवरणात थॅलेट असते. ती घेणाऱ्या एखाद्याचा आकडा इतरांच्या कित्येक पट निघतो आणि त्याचे वय तिथे गौण ठरते.

निघालेले अनुमान सुसह्य मर्यादेशी, म्हणजे आयुष्यभर रोज शरीरात गेली तरी चालेल अशा मात्रेशी, ताडून पाहतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये डीबीपी, बीबीपी, डीईएचपी आणि डीआयएनपी या चार थॅलेटांची एकत्रित मर्यादा किलोमागे दररोज 50 मायक्रोग्रॅम ठरवली; मोजमाप डीईएचपीच्या तुल्यांकात, म्हणजे प्रत्येकाचा परिणाम किती डीईएचपीएवढा हे धरून. मुलांच्या खेळण्यांवर युरोपात आणि अमेरिकेत वेगळे निर्बंध आहेत.

या सगळ्या चौकटीबाहेरचा एक वयोगट म्हणजे अतिदक्षता विभागातील अपुऱ्या दिवसांची बाळे. त्यांना अन्न, धूळ, खेळणी यांचा प्रश्नच नसतो. मऊ पीव्हीसीच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या यांतून डीईएचपी थेट शरीरात उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2002 मध्ये अशा नवजात मुलग्यांसाठी, शक्य तिथे, डीईएचपीविरहित साधने वापरण्याचा सल्ला दिला. या बाळांची लघवीही बाटलीत मिळत नाही. ती डायपरमधल्या कापसातून पिळून काढावी लागते, आणि मोजणीपूर्वी त्या कापसातच थॅलेट नाही ना, हे पाहावे लागते.