स्वच्छमंडलाचे विकार

स्वच्छमंडल किंवा कॉर्निया हे डोळ्याच्या दर्शनी भागावरचे पारदर्शक पटल. मध्यभागी त्याची जाडी सु. ०.५ मिमी. असते. डोळ्याच्या प्रकाशवलन शक्तीपैकी सु. दोन तृतीयांश वाटा त्याचा असल्याने त्याच्या आकारातील लहानसा बदलही दृष्टी बिघडवतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन मुख्यतः अश्रूंतून, तर ग्लुकोज आतील नेत्रजलातून मिळते. या रचनेमुळे पटल नितळ राहते, पण संसर्ग झाल्यास संरक्षक पेशी तेथे उशिरा पोचतात. खोल व्रण भरला तरी पांढुरका वण उरतो. यालाच ‘फूल पडणे’ म्हणतात.

संसर्गाला बहुधा किरकोळ जखम वाट करून देते. न्यूमोकॉकस, स्यूडोमोनस इ. जंतूंचे व्रण झपाट्याने वाढतात. काडी, कुसळ, पाते लागून फ्युजेरियम वा ॲस्परजिलस या कवकांचा (बुरशींचा) शिरकाव होतो. कॉन्टॅक्ट लेन्स साध्या पाण्याने धुणाऱ्यांत अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा संसर्ग संभवतो. त्यात दिसणाऱ्या व्रणाच्या मानाने वेदना फार असतात. उलट हर्पिस सिम्प्लेक्समध्ये पटलाची संवेदना कमी होते आणि व्रणाला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटतात. हा व्हायरस मज्जागुच्छिकेत (मज्जापेशींच्या पुंजक्यात) सुप्त राहत असल्याने रोग उलटतो.

व्रणाचा खरवड नमुना तपासून औषध ठरवतात: जंतूंवर प्रतिजैविक थेंब, तंतुमय कवकांवर नॅटामायसीन, हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर. जंतुजन्य व्रणात स्टेरॉइड द्यावे की नाही हा जुना वाद. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदर फरक आढळला नाही. कवकजन्य व्रणात आणि हर्पिसच्या फांदीदार व्रणात मात्र ते घातकच ठरू शकते.

अ-जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांत पटल कोरडे पडून अखेर विरघळते. खुपरी (ट्रॅकोमा) या पापण्यांच्या संसर्गजन्य रोगात आत वळलेल्या पापण्यांचे केस घासून ते गढूळ होते.

केरॅटोकोनसमध्ये पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. जर्मन वैद्य मौखार्ट यांनी १७४८ मध्ये वर्णिलेला पारदर्शक फुगवटा बहुधा हाच असावा. तपशीलवार वर्णनाचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश नेत्रवैद्य नॉटिंगहॅम यांच्या १८५४ मधील ग्रंथाला देतात. कारणांविषयी मतैक्य नाही. हा विकार दीर्घकाळ शोथरहित (दाह नसलेला) मानला जाई. रुग्णांच्या अश्रूंत शोथकारक द्रव्ये व प्रथिनविघटक एंझाइमे वाढलेली आढळल्यापासून ती व्याख्या डळमळली आहे. डोळे चोळणे हेच मूळ कारण, असे एक मत आहे. परंतु एकाच कुटुंबातील अनेकांत व डाउन लक्षणसमूह या जन्मजात गुणसूत्रदोषात हा विकार अधिक आढळतो. म्हणून आनुवंशिक कल आणि त्यावर घर्षणाचा आघात, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. रिबोफ्लाविन लावून जंबुपार किरण देण्याच्या, म्हणजे क्रॉसलिंकिंगच्या, उपचाराचे मानवी निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने विकाराची वाढ रोखली जाते. गेलेला आकार पूर्ववत होत नाही. दृष्टीसाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात.

सर्वांत आतल्या थरातील पेशी पटलातील पाणी सतत बाहेर काढतात. त्यांचे शरीरात पुनरुत्पादन जवळजवळ होत नाही. ऑस्ट्रियन नेत्रवैद्य फुक्स यांनी १९१० मध्ये वर्णिलेल्या विकारात किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्या फार घटल्या, तर पटल सुजून धूसर होते. सकाळी दृष्टी जास्त अंधूक असते.

कायम गढूळ पटलावर प्रत्यारोपण हा उपाय. मानवी पटलाचे पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे रोपण नेत्रवैद्य एडुआर्ड त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स (आता चेक प्रजासत्ताकात) येथे, चुन्याने डोळे भाजलेल्या रुग्णावर केले. मृतदेहातील पटलांचा वापर पुढे सोव्हिएत नेत्रवैद्य फिलाटोव्ह यांनी रूढ केला. आता शक्य तेथे फक्त रोगट थर बदलतात. २००६ मध्ये डच नेत्रवैद्य मेलेस यांनी केवळ अंतःस्तर व त्याचे पातळ आधारपटल बसवण्याची पद्धत मांडली. रक्तवाहिन्या शिरलेल्या पटलात रोपण नाकारले जाण्याचा धोका जास्त. रासायनिक भाजण्यात पटलाचा वरचा थर नव्याने घडवणाऱ्या कडेच्या मूलपेशीच नष्ट झाल्या असतील, तर आधी त्यांचे रोपण करावे लागते. तेही अशक्य असल्यास कृत्रिम स्वच्छमंडल बसवतात.